उरलेली मुदत

कुमुद दिघे गेल्या त्या मंगळवारी
माझ्या झेरॉक्सच्या दुकानात रांग होती.
कुणाला रहिवासी दाखला, कुणाला उत्पन्नाचा,
आणि प्रत्येक फॉर्मवर खाली डावीकडे तीच ओळ:
पार्षदाची सही व शिक्का.

जिन्सी नाल्यात बातमी नळाच्या पाण्याआधी येते.
रांगेतला एक जण म्हणाला, "अरेरे."
मग जरा थांबून,
"म्हणजे आता सही कोण करणार?"
मला राग आला नाही.
बाईंनीही हेच विचारलं असतं.

नगर निगमच्या सभेत सगळे दोन मिनिटं उभे राहिले,
म्हणजे पाऊण मिनिट.
नंतर विषय क्रमांक तीन, दिवाबत्ती.
त्यांच्या खुर्चीवर शेजारच्या वॉर्डवाल्याने बॅग ठेवली,
बॅगेवर डबा.
मी तिथे नव्हतो; चहा नेणाऱ्या भगवतीने सांगितलं.

मग कागद निघाला.
सचिवाकडून आयुक्तांकडे, तिथून कलेक्टरकडे,
कलेक्टरकडून भोपाळला.
बाईंना जायला एक रात्र पुरली,
त्या गेल्याचं ठरायला तीन महिने.

तोवर आम्ही सहीसाठी नाला ओलांडायचो.
पलीकडचा पार्षद मान वर न करता विचारायचा,
"तुम्ही माझे मतदार का?"
लष्करात एवढी वर्षं काढून
मला पहिल्यांदा कळलं की मी कुणाचा तरी असावा लागतो.

यादी नवी करायला भागवत मास्तरीण आल्या.
दिघ्यांच्या दारात त्यांनी पेन काढलं,
परत पर्समध्ये ठेवलं.
अण्णा दिघे म्हणाले,
"खोडा हो. त्याशिवाय पुढचं होत नाही.
आणि चहा घेऊन जा."

पक्षाचे लोक सुनेचा फोटो मागायला आले.
पोस्टरवर सासूचा मोठा, सुनेचा त्याच्या निम्मा,
असा त्यांचा हिशेब.
सून म्हणाली, "मला इंदूरला नोकरी लागलीय,"
आणि कुकर बंद करायला आत गेली.

एका संध्याकाळी अण्णा दुकानात आले.
पिशवीत बाईंचं लेटरपॅड.
दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या रात्री
बाईंनी अकरा कोऱ्या पानांवर सह्या केल्या होत्या,
शिक्क्यासकट. कुणाचं अडायला नको म्हणून.
"हे चालतं का रे?"
"नाही चालत, अण्णा."
मग दोघं बराच वेळ
मशीन गरम होण्याचा आवाज ऐकत बसलो.

दहा पानं कुठे गेली ते मी सांगणार नाही.
तारखा सगळ्या आधीच्या आहेत एवढंच सांगतो,
आणि पेंटरच्या पोरीला शाळेत प्रवेश मिळाला.

उपचुनाव झाला रविवारी, उन्हात.
बोटावर शाई, तीही घाईघाईची.
मतं कमी पडली; लोक म्हणाले, अर्ध्यासाठी कोण उठतंय.
ममता बाथम एकसष्ट मतांनी आली,
गल्लीच्या तोंडाशी पार्लर चालवणारी.
ढोल एकच होता. तोही नाल्यापर्यंत वाजून थांबला,
दिघ्यांच्या घरापुढे नाही.

तिसऱ्या दिवशी ती दुकानात आली, लेटरपॅड छापायला.
"किती? पाच वर्षांना हजार लागतात."
तिने बोटांवर मोजलं.
दोन वर्षं, पाच महिने.
"पाचशे." मग म्हणाली, "चारशेच करा.
माणसाने उगाच धरून चालू नये."

नमुना दाखव म्हणाली, आणि ड्रॉवरमध्ये
ते अकरावं पान तेवढं होतं.
तिने ते उजेडात धरलं.
वर काहीच नाही,
आणि खाली घाईची, जरा उजवीकडे घसरलेली सही.

"वर काय लिहायचं राहिलं?"
"रांगेत जो पहिला असेल, त्याचं नाव."

तिने पान काउंटरवर पालथं ठेवलं,
पुन्हा उलटलं.
"कमळ बिमळ काही नको," ती म्हणाली.
"नाव माझं टाका. फोन नंबर मोठा.
सहीची जागा आहे तिथेच राहू द्या."

बाहेर रांगेतल्या कुणीतरी विचारलं,
"मॅडम, शिक्का आणलाय का?"